पोपट पाळावा की पाळू नये?

पाठ केलेली उत्तरे घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला गुरुजी म्हणतात, "ही नुसती पोपटपंची झाली!" म्हणजे शब्द आले, पण अर्थ कळला नाही. मराठी भाषेने पोपटाला दिलेले हे प्रशस्तिपत्र काही फारसे चांगले नाही. आणि गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जो अभ्यास झाला आहे तो पाहता ते खरेही नाही. पोपट बोलतो तो कशासाठी? तो माणसाला इतका लळा का लावतो? आणि त्याला घरात ठेवावे की नाही? विद्यार्थी मित्रांनो, हे तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. पहिल्या दोहोंची उत्तरे विज्ञानाने बरीचशी दिली आहेत. तिसऱ्याचे उत्तर मात्र आपले आपल्यालाच द्यायचे आहे. माझे मत मी पुढे मांडले आहे. ते पटते की नाही, हे तुम्ही कारणे तपासून ठरवा.

आपल्या ओळखीचा पोपट म्हणजे राघू. हिरवा रंग, लाल चोच, लांब शेपटी आणि नराच्या गळ्याभोवती काळी-गुलाबी कंठी. शेपटीसह लांबी सुमारे ४० सें.मी. अलीकडे शहरांतल्या पक्षिविक्रेत्यांकडे आणखी काही रंगीबेरंगी पोपट दिसतात. त्यांना कोन्यूर म्हणतात. हे मूळचे दक्षिण व मध्य अमेरिकेतले. पिवळ्या-नारिंगी रंगाचा 'सन कोन्यूर' गयाना आणि उत्तर ब्राझीलमधला, तर हिरव्या गालांचा कोन्यूर बोलिव्हिया, ब्राझील या देशांतला. वजन शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे एका मध्यम पेरूएवढे. पण आवाज असा की शेजारचे दार वाजवत येतील! नीट सांभाळला तर हा पक्षी वीस ते तीस वर्षे जगतो. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

आता लळ्याचा प्रश्न घेऊ. पोपट एकट्याने राहणारा पक्षी नव्हे. तो थव्याने उडतो, थव्याने चरतो आणि संध्याकाळी शेकडोंच्या संख्येने एखाद्या मोठ्या झाडावर मुक्कामाला येतो. दाट पानांत हिरवा पक्षी हिरव्या पक्ष्याला दिसत नाही. म्हणून हे पक्षी सतत एकमेकांना हाका मारत असतात. "मी इथे आहे, तू कुठे आहेस?" असा त्या हाकांचा साधारण अर्थ. व्हेनेझुएलातील एका छोट्या पोपटाच्या घरट्यांत ध्वनिमुद्रण करून शास्त्रज्ञांनी २०११ साली एक नवलाची गोष्ट दाखवून दिली. तिथले आईबाप आपल्या प्रत्येक पिलाला वेगळी हाक देतात आणि पिलू तीच हाक थोडाफार फरक करून स्वतःची म्हणून वापरू लागते. जवळजवळ नाव ठेवण्यासारखेच हे झाले!

अशा पक्ष्याला एकट्याने घरात आणले म्हणजे काय होते? त्याला थवा तर हवाच असतो. मग घरातली माणसे हाच त्याचा थवा. थव्यात राहायचे तर थव्याचे आवाज शिकले पाहिजेत, म्हणून तो आपले आवाज शिकतो. आपण खोलीतून बाहेर गेलो की तो किंचाळतो, तोही बहुधा हट्टाने नव्हे, तर थव्यातले कोणी हरवले म्हणून. कोन्यूर मान खाली घालून डोके पुढे करतो आणि खाजवून घेतो, त्याचेही कारण असेच आहे. स्वतःच्या चोचीने पक्ष्याला सगळे अंग साफ करता येते, पण डोके करता येत नाही. थव्यात ते काम जोडीदार करतो. म्हणजे तुमच्यापुढे डोके वाकवणारा पक्षी तुम्हाला जोडीदाराच्या जागी मानत असतो. काही वेळा तर तो पोटातले अन्न वर काढून तुम्हाला भरवू पाहतो आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला जवळ येऊ देत नाही, चावतो. याला आपण "किती प्रेमळ!" किंवा "किती खोडकर!" म्हणतो. पण त्याच्या दृष्टीने तो खेळ नसतो.

त्याची बुद्धीही खेळण्याजोगी नाही. आयरिन पेपरबर्ग या अमेरिकन संशोधिकेने १९७७ साली दुकानातून एक करडा आफ्रिकी पोपट विकत आणला. त्याचे नाव अॅलेक्स. २००७ साली तो मरण पावला तोपर्यंत तो शंभराहून अधिक शब्द वापरत होता. एवढेच नव्हे, तर समोरच्या वस्तूंचा रंग, आकार आणि त्या कशाच्या बनल्या आहेत हे तो ओळखून सांगे. सहापर्यंत वस्तू मोजी. दोन वस्तूंत काहीच फरक नसेल तर 'काही नाही' असेही सांगे. ही पोपटपंची खासच नव्हे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत पोपटांच्या मेंदूत चेतापेशी फार दाटीने बसवलेल्या असतात असे दिसून आले. मकाव या मोठ्या पोपटाचा मेंदू अक्रोडाएवढा. पण त्याच्या पुढच्या भागातील चेतापेशींची संख्या त्याहून कितीतरी मोठा मेंदू असलेल्या माकडापेक्षाही जास्त भरली!

इतकी बुद्धी आणि सोबतीची इतकी भूक असलेला जीव दिवसभर एका दांडीवर बसून काय करणार? तुमची शाळा, शिकवणी, खेळ आणि अभ्यास यांची बेरीज करून पाहा. पक्ष्याच्या वाट्याला किती मिनिटे उरतात? एकटे पडलेले पोपट पुष्कळदा स्वतःची पिसे स्वतःच उपटू लागतात, छाती उघडी पडेपर्यंत. कधी त्यामागे आजार असतो, पण कंटाळा आणि एकटेपणा हीही मोठी कारणे आहेत. रानात अशी छाती उघडी पडलेली पोपटांची रांग तुम्हाला दिसणार नाही.

म्हणून माझे पहिले मत स्पष्ट आहे. आपला देशी पोपट कोणीही पाळू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि १९९०-९१ पासून देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आहे. पण केवळ कायदा आहे म्हणून हे मत नाही. राघू झाडाच्या ढोलीत घरटे करतो. सुतारपक्षी किंवा तांबट यांच्यासारखा तो सहजी भोक पाडू शकत नाही. बहुतेक वेळा आयती ढोली शोधून तीच थोडी मोठी करून घेतो. अशा ढोल्या जुन्या झाडांतच असतात आणि जुनी झाडे कमी होत चालली आहेत. पिले काढणारा माणूस ढोली फोडतो, म्हणजे पुढल्या वर्षांची घरटीही मोडतो. डोळे न उघडलेली, पिसे न फुटलेली पिले टोपल्यांत कोंबून नेली जातात आणि त्यांतली कित्येक वाटेतच मरतात. पिंजऱ्यात दिसणारा एक पोपट हा वाचलेला असतो; न वाचलेले आपल्याला दिसत नाहीत.

यावर एक उत्तर नेहमी मिळते : "आमच्या राघूचा पिंजरा उघडा ठेवला तरी तो जात नाही. त्याला इथेच सुख आहे." हे अनुमान बरोबर आहे का? ज्याने कधी उडायचा सराव केला नाही त्याच्या छातीचे स्नायू दुबळे राहतात. कोणते फळ कुठे मिळते, ससाणा दिसला की काय करायचे, हे पिलू थव्यात शिकते. याला ते कोणी शिकवलेलेच नाही. आणि त्याचा एकुलता एक थवा तर घरात आहे. न जाण्याची ही सगळी कारणे असताना 'सुख' हे एकच कारण धरणे शास्त्रीय रीतीला सोडून आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. "परदेशी कोन्यूर तर पिंजऱ्यातच जन्मलेला असतो. त्याला पाळायला काय हरकत?" येथे थोडे जपून बोलले पाहिजे. असा पक्षी पाळणे आपल्याकडे गुन्हा नाही. मात्र २०२२ साली वन्यजीव कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा बहुतेक परदेशी जातींची नोंद 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते. ही नोंद हवीच. कारण या व्यापाराची सुरुवात रानातून झाली आहे. सन कोन्यूर पिंजऱ्यांसाठी इतके पकडले गेले की त्यांच्या मायभूमीत ती जात आज धोक्यात आली आहे.

कोन्यूरांच्याच कुळातील एका जातीची हकीगत तर आपण विसरू नये. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कॅरोलिना पोपट नावाचा हिरवा-पिवळा पक्षी मोठमोठ्या थव्यांनी राही. जंगले तुटली, टोप्यांवरच्या पिसांसाठी तो मारला गेला आणि बागांतली फळे खातो म्हणून शेतकऱ्यांनीही त्याला गोळ्या घातल्या. एक पक्षी जखमी होऊन पडला की बाकीचे पळून न जाता परत त्याच्याभोवती येत आणि तेही टिपले जात. ज्या थव्याच्या ओढीमुळे पोपट आपल्या खांद्यावर येऊन बसतो, तीच ओढ त्यांच्या मरणाला हातभार लावून गेली. पिंजऱ्यातला शेवटचा कॅरोलिना पोपट, त्याचे नाव इन्कास, २१ फेब्रुवारी १९१८ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. त्याची जोडीदारीण त्याच्या आधी वर्षभराच्या आतच गेली होती.

पिंजऱ्याने कधी जात वाचवलीच नाही असे मात्र नाही. ब्राझीलमधला निळा स्पिक्स मकाव २००० सालानंतर रानातून नाहीसा झाला होता. बंदिवासातल्या पक्ष्यांची पैदास करून २०२२ साली काही पक्षी पुन्हा रानात सोडण्यात आले. पण ते वर्षानुवर्षे चाललेले, वंशावळीच्या नोंदी ठेवून केलेले शास्त्रीय काम होते. दिवाणखान्यातला पिंजरा ते काम करीत नाही. उलट, कंटाळून सोडून दिलेले पाळीव पक्षी परक्या मुलखात वेगळेच संकट उभे करतात. आपलाच राघू आज लंडन, ब्रुसेल्स, अॅम्स्टरडॅम या शहरांत थव्यांनी राहतो आणि तिथल्या ढोल्या बळकावतो. पाळण्यासाठी नेलेल्या, मग निसटलेल्या किंवा सोडलेल्या पक्ष्यांची ती प्रजा आहे.

तेव्हा कोन्यूरबद्दल माझे मत असे : शाळकरी मुलाने हट्ट धरून किंवा वाढदिवसाची भेट म्हणून तो आणू नये. आज तुम्ही बारा वर्षांचे असाल तर पक्षी म्हातारा होईल तेव्हा तुम्ही पस्तिशी गाठलेली असेल. शिक्षण, वसतिगृह, नोकरी, बदली हे सर्व मध्ये येणार. म्हणून हा निर्णय एकट्याचा नसून सगळ्या घराचा आहे. घरात आधीच पक्षी असेल, किंवा कोणाला सांभाळणे अशक्य झालेला पक्षी घेणार असाल, तर मात्र त्याच्याशी मैत्री त्याच्या रीतीने करा. त्याला हातात पकडू नका. हात शांत ठेवून त्याला आपणहून येऊ द्या आणि आला की सूर्यफुलाची एखादी बी द्या. पिसे फुगवून, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या करत तो अंग ताठ करील तेव्हा मागे सरका. चावला म्हणून ओरडू किंवा मारू नका. रोज काही तास पिंजऱ्याबाहेर उडू द्या, पण आधी पंखा बंद करा. कुरतडायला लाकूड, आंघोळीला पाणी आणि रात्री दहा-बारा तास अंधार व शांतता हवी. नुसत्या बियांवर त्याला ठेवू नका. भाज्या, फळे द्या. मिरची खुशाल द्या, कारण तिचा तिखटपणा पक्ष्यांच्या चेतातंतूंना जाणवतच नाही! चॉकलेट आणि अॅव्होकॅडो मात्र विषारी आहेत. न चिकटणाऱ्या तव्याचा लेप फार तापला तर त्याची वाफही पक्ष्याचा जीव घेते. पोपटांपासून माणसाला सिटॅकोसिस हा फुप्फुसांचा रोग होऊ शकतो. १९२९-३० साली त्याची मोठी साथ आली होती. म्हणून हात धुणे आणि पशुवैद्याला दाखवणे टाळू नये.

आणि ज्यांच्या घरी पक्षी नाही त्यांनी हिरमुसण्याचे कारण नाही. राघूचा थवा आपल्याकडे बहुतेक गावांत व शहरांत आहे. संध्याकाळी ते कोणत्या झाडावर उतरतात ते शोधा. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीपासून किती पक्षी आले याची महिनाभर नोंद ठेवा. कोणत्या ढोलीत ते ये-जा करतात हे दुरूनच पाहा, आणि ते झाड 'पोकळ झाले' म्हणून कोणी तोडायला निघाले तर ती ढोली कोणाचे घर आहे ते सांगा.

तरीही पोपट आणावा असे वाटलेच, तर आधी वहीत चार प्रश्नांची उत्तरे लिहून घरात वाचून दाखवा. हा पक्षी जन्मला कुठे आणि त्याची नोंद आहे का? मी शाळेत असताना त्याच्याजवळ कोण असेल? तो आजारी पडला तर पक्ष्यांवर उपचार करणारा पशुवैद्य आपल्या गावात आहे का? आणि मी पंचवीस वर्षांनी कुठे असेन? चारांपैकी एकाचे जरी उत्तर कोरे राहिले, तरी पिंजरा विकत घेऊ नये.