सफारी आणि मोहाची टोपली

माझा भाचा जोहान्सबर्गला असतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याने आम्हाला क्रूगर नॅशनल पार्क दाखवलं, तेही त्याच्या स्वतःच्या गाडीतून. तिकडे तशी सोयच आहे. फाटकावर पैसे भरायचे, नकाशा घ्यायचा आणि आपली आपण गाडी चालवायची. डांबरी रस्त्यावर ताशी ५०, मातीच्या रस्त्यावर ४० किलोमीटरच्या वर जायचं नाही. ठरवून दिलेल्या जागा सोडून गाडीबाहेर पाय टाकायचा नाही आणि अंधार पडायच्या आत छावणीत परतायचं.

मी आपली घरून प्राण्यांची यादी करून गेले होते. सिंह, हत्ती, गेंडा, जिराफ. ती बघून भाचा हसला. म्हणाला, "मावशी, यादी पाण्याची कर. जनावरं आपोआप येतील." खरंच होतं ते. तिकडे मेपासून कोरडा हिवाळा लागतो. गवत वाळतं, झाडोरा विरळ होतो, पाणवठे आटतात आणि जनावरं नदीकडे सरकतात. म्हणून पहिल्या दिवशी स्कुकुझा ते लोअर साबी हा साबी नदीच्या काठचा सुमारे ४५ किलोमीटरचा रस्ता त्याने निवडला. तेवढ्या अंतराला आम्हाला पाच तास लागले! पण हा रस्ता सगळ्यांनाच ठाऊक. एका झाडावर बिबट्या दिसला आणि बघता बघता वीसेक गाड्या जमल्या. आपल्या दादर स्टेशनबाहेरचीच तऱ्हा. दुसऱ्या दिवशी सातारा छावणीजवळचा एस-१०० हा मातीचा रस्ता घेतला. (हो, सातारा! पण आपल्या साताऱ्याशी संबंध नाही. मोजणी करणाऱ्याच्या हाताखालच्या हिंदी माणसाने नकाशावरच्या 'सतरा' नंबरचा उच्चार केला, त्याचं हे नाव झालं, असं सांगतात.) तिथे एका वळणावर इंजिन बंद करून तासभर नुसते बसलो. मला तो तास सिंहापेक्षाही आवडला.

हे सगळं आठवायचं कारण, गेल्या मार्चअखेरीस भाचा आमच्याकडे रानशेतला आला होता. "मावशी, तुमच्या दारातच सफारी आहे की!" म्हणाला. बिबट्या आमच्या भागात आहे, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. झालं, पहाटे साडेपाचला त्याने गाडी काढली. चारोटीहून कासा आणि पुढे जव्हारचा रस्ता. पळस फुललेला, डोंगर निळे, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मीही खुशीत होते, खोटं कशाला बोलू?

त्याची नजर उजवीकडच्या झाडीत होती. वळणावर अचानक तीन बायका समोर आल्या, डोक्यावर मोहाच्या फुलांच्या टोपल्या. त्याने करकचून ब्रेक लावला, पण दचकून त्यातली एक रस्त्याकडेच्या चरात कोसळली. नशीब, हाड मोडलं नाही, गुडघा फुटला. पहाटे तीनपासून वेचलेली फुलं मातीत गेली. मी खाली उतरले तर ती आमच्या बचत गटातलीच निघाली. मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. भाचा बिचारा पांढराफटक पडला होता. खाली बसून तो फुलं वेचायला लागला. तिने त्याला विचारलं, "वाघ पाहायचाय काय तुला? परवा रातीला माझ्या दोन कोंबड्या नेल्या त्यानं." आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. वाघबारशीला ज्याला नैवेद्य दाखवतात, तोच हा.

माझा भाचा बेजबाबदार नाही. क्रूगरमध्ये त्याने एकदाही वेग मोडला नव्हता. पण तिथे समोर हत्ती येईल याची धास्ती होती. इथे समोर माणूस येईल हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. जनावर दिसण्याची वेळ म्हणजे पहाट आणि तिन्हीसांज. नेमकी तीच वेळ आमच्या पाड्यांवरच्या बायकांची पाण्याची, सरपणाची, मोहाची आणि पोरांच्या शाळेच्या वाटेची.

आणि क्रूगरचे ते रिकामे रस्ते तरी आपोआप रिकामे झालेत का? परत आल्यावर मी वाचलं. त्या पार्कच्या उत्तर टोकाला मकुलेके लोकांची वस्ती होती. १९६९ मध्ये वर्णद्वेषी सरकारने त्यांना तिथून बळाने हुसकावलं. १९९८ मध्ये त्यांना जमीन परत मिळाली. त्यांनी तिथे पुन्हा घरं बांधली नाहीत, रान तसंच राखलं. पर्यटकांकडून मिळणाऱ्या पैशात मात्र आता त्यांचा वाटा आहे. आपल्या ताडोब्यातूनही जामणी, नवेगाव ही गावं उठली. तिथे गाभ्याच्या जंगलात आपली गाडी चालत नाही, नोंदणीची जिप्सी आणि गाईड घ्यावाच लागतो, म्हणून आपली मंडळी कुरकुरतात. मला तो नियम पटतो. मोहर्लीला तर बायका गाईड आहेत. आपण मोजलेले पैसे तिथल्याच एखादीच्या चुलीपर्यंत पोचत असतील तर कुरकुर कसली?

पाहुणे आले तर चार पैसे येतील, त्यांना अडवू नका, असं आमच्याकडचे हॉटेलवाले म्हणतात. अडवतंय कोण? पण रात्री गाडीच्या टपावर सर्चलाइट लावून पाड्यापाड्याने फिरणाऱ्यांकडून आजवर कुणाला चार पैसे मिळालेले मी पाहिले नाहीत. त्यांच्यामागे फक्त कुत्री भुंकतात आणि तान्ही मुलं उठतात.

येत्या मे महिन्यात भाच्याचे मित्र यायचे आहेत. मी त्याला फोनवर सांगून टाकलंय. जव्हार, मोखाडा, त्र्यंबक, हवा तो रस्ता घ्या, पण ऊन चढल्यावर निघा, दिवस मावळायच्या आत परत या आणि गाडी चालवणाऱ्याने झाडीत बघायचं नाही. पहाटेचं रानच बघायचं असेल तर गाडी आमच्या अंगणात ठेवा आणि पायी चला. सोबत त्या कोंबड्यांची मालकीण येईल. तिची मजुरी किती, ते आधी तिलाच विचारा.