मुद्दल पाण्याखाली आहे

नोकरीत असताना काही वर्षे मी कोकणातल्या एका शाखेत होतो. कर्ज मागायला येणाऱ्यांत कोणाला होडी हवी असे, कोणाला इंजिन, कोणाला जाळी. पर्यटकाला समुद्रात बुडी मारायला लावून मासे दाखवण्याच्या धंद्यासाठी कोणी कर्ज मागितले असते, तर मी त्याला चहा पाजून परत पाठवले असते. आज मालवणात याच धंद्यावर कित्येक घरे चालतात. बँकेच्या अधिकाऱ्याला भविष्य कळत नाही, याचा हा आणखी एक पुरावा!

गेल्या डिसेंबरात भाचीबरोबर मालवणला गेलो. ती स्कूबा डायव्हिंग रीतसर शिकली आहे आणि पाण्याखालच्या बारीकसारीक जिवांचे फोटो काढते. मीही डॉक्टरांचा होकार घेऊन, प्रशिक्षकाचा हात घट्ट धरून थोडा वेळ खाली उतरलो. पावाचा चुरा सोडला गेला, माशांची झुंबड उडाली, माझा व्हिडिओ निघाला. मी खूश होऊन होडीत परतलो. भाची मात्र अर्धा तास एकाच खडकापुढे, ताटाएवढ्या जागेत, काहीतरी न्याहाळत होती.

तेवढ्यात तिच्या सोबतीला गेलेला तरुण वर आला. ‘‘काका, खाली काय सुंदर गोगलगाय सापडलीय!’’ मी म्हणालो, ‘‘अरे, मग वर घेऊन ये की. मलाही बघू दे.’’ त्याने आणली. समुद्रातल्या या गोगलगायींना शंख नसतो. त्यांतल्या काही जाती स्पंज खातात, त्यातले विष अंगात साठवतात आणि भडक रंगांनी शत्रूला बजावतात की, मला खाऊ नका. पण पाण्याबाहेर, त्या तरुणाच्या तळव्यावर, तो नुसता चिकट गोळा होता. भाचीने तो अलगद पाण्यात नेला. परत आल्यावर एवढेच म्हणाली, ‘‘मामा, होती त्याच जागी ठेवलीय. जगेल की नाही, सांगता येत नाही.’’

रात्री तिने मला तिच्या लॅपटॉपवर तीच गोगलगाय दाखवली, उचलण्यापूर्वीची. नखाएवढा जीव, पण पाठीवर पिसाऱ्यासारखे कल्ले फुललेले. मी वर मागवली होती ती हीच, यावर विश्वास बसेना.

या इवल्या जिवांची किंमत काय? भावनेची राहू द्या, हिशेबाची भाषा बोलू. इंडोनेशिया आणि फिलिपाइन्समध्ये काही ठिकाणी पर्यटक नुसत्या वाळू-चिखलाच्या तळावर बुड्या मारतात, ते केवळ असे विचित्र छोटे जीव पाहायला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार वर्षाला एक लाखाहून अधिक पर्यटक त्यासाठी येतात, पंधरा कोटी डॉलरहून जास्त उलाढाल होते आणि दोन हजारांवर लोकांना काम मिळते. हे जीव शोधून देणारी नजर स्थानिकांचीच. २००८ साली नोंद झालेल्या एका बुटक्या समुद्रघोड्याच्या शास्त्रीय नावात ‘पोंतोही’ हा शब्द आहे. तो इंडोनेशियातल्या हेन्से पोंतोह या वाटाड्याच्या नावावरून आला. अशा समुद्रघोड्याची पहिली जात १९६९ साली न्यू कॅलेडोनियात सापडली, तीही मत्स्यालयासाठी समुद्रपंखा नावाचे प्रवाळ गोळा करताना. जेमतेम दोन सेंटीमीटरचा तो जीव अंगावरच्या गाठींसकट पंख्यात इतका बेमालूम मिसळला होता. तो मोठेपणी एकाच पंख्याच्या आधाराने राहतो. पंखा मोडला की त्याचे घरच गेले.

मग कॅमेरा घेऊन खाली जाणेच वाईट का? तसे नाही. २०१९ साली एका संशोधनात असे दिसले की, तळाशी राहणाऱ्या लहान माशांना फ्लॅशच्या उजेडापेक्षा माणसाच्या हाताळण्याचा त्रास कितीतरी अधिक होतो. म्हणजे दोष पाहण्यात नाही. ढोसण्यात, हलवण्यात, उचलून ‘चांगल्या’ जागी ठेवण्यात आहे.

त्यात समुद्र तापतो आहे. पाणी फार तापले की प्रवाळ आपल्या अंगातले सूक्ष्म शैवाल बाहेर टाकते. अन्न आणि रंग दोन्ही देणारे तेच, म्हणून ते गेले की प्रवाळ पांढरे पडते. १९९८ सालच्या अशा जागतिक संकटात जगातल्या एकवीस टक्के प्रवाळक्षेत्राला ही झळ पोचली होती. २०२३ पासून सुरू झालेल्या चौथ्या संकटात हे प्रमाण चौऱ्याऐंशी टक्क्यांवर गेले. ते तापमान मालवणच्या होडीवाल्याच्या हातात नाही. नांगर कुठे टाकायचा, पाव टाकायचा की नाही, एका वेळी किती माणसे उतरवायची, हे मात्र आहे.

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले, तेव्हा मच्छीमारांनी विरोध केला. पोटावर पाय येईल ही त्यांची भीती खोटी म्हणता येणार नाही. पण आज त्यांच्यातल्या अनेकांची मुले ज्या पाण्यात बुड्या मारून कमावतात, त्याचे मुद्दल हे खडकाला चिकटलेले जीवच आहेत. २०२५ साली सिंधुदुर्ग किल्ला जागतिक वारसा यादीत गेला. आता गर्दी वाढेल. तटाच्या चिऱ्यांची काळजी घेतली जाईलही. तटाखालच्या जिवांची काळजी त्या मुलांनाच घ्यावी लागेल, आणि त्यांना तसे शिकवणे, त्या नजरेचे पैसे देणे, हे सरकारचे आणि आपले काम आहे.

कारण त्या तरुणाने गोगलगायीला हात घातला तो माझ्या शब्दाखातर. गिऱ्हाईक मागते तेच दुकानदार पुढे ठेवतो. पुढच्या खेपेला मी होडीत बसण्यापूर्वीच सांगणार आहे: पाव नको, हात लावणे नको. जे आहे ते आहे तिथेच दाखव. काही दिसले नाही तरी पैसे पूर्ण देईन.