संमती कसली घेता?

कारखान्यातील कामाचा दिवस नऊवरून बारा तासांचा करायला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. तिमाहीतील ओव्हरटाइमची मर्यादाही ११५ वरून १४४ तासांवर नेली. वर मखलाशी अशी की, त्यासाठी कामगाराची लेखी संमती घेतली जाईल. ही संमती देणार कोण? चाकण, वाळूज, बुटीबोरीच्या शेडमध्ये ठेकेदाराच्या मर्जीवर ज्याची हजेरी लागते, तो हेल्पर? सही नाकारली की दुसऱ्या दिवशी गेटवर त्याला ओळखायला कोणी तयार नसते. अशा माणसाच्या सहीला संमती म्हणायचे असेल, तर मग वेठबिगारीलाही म्हणावे लागेल.

आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, जादा तासांना दुप्पट मोबदला आहे, गुंतवणूक येईल, असे सरकार सांगते. येवो बापडी. पॉवर प्रेसवर उभ्या असलेल्या माणसाचे अकराव्या तासाला काय होते, हे मात्र कोणी सांगत नाही. दोन्ही हातांनी दाबायची बटणे एका हाताने चालतील अशी जोडणी करून ठेवलेली, उत्पादन मंदावते म्हणून गार्ड काढलेला, आणि डोळ्यांवर झापड. मग बोट जाते आणि अहवालात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ येतो. त्यात विश्रांतीची सुटीही आता पाचऐवजी सहा तासांनंतर!

तुटलेले बोट निदान दिसते तरी. फुप्फुसात साठलेली सिलिकाची धूळ दिसत नाही, गेलेली श्रवणशक्ती पगारपत्रकावर उमटत नाही. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये कारखाना कायद्यात हवेतील घातक द्रव्यांच्या मर्यादा आल्या. त्या आठ तासांच्या सरासरीवर बेतलेल्या आहेत. बारा तास त्याच हवेत उभ्या राहणाऱ्यासाठी त्या मर्यादा कमी करणार का, हा साधा प्रश्न मंत्रिमंडळात एकालाही पडला नसावा. सिलिकाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस हा कायद्याने कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे. कळवतो कोण? कंत्राटी माणूस दम लागू लागला की गावी जातो आणि तिथे त्याच्यावर क्षयाचे उपचार सुरू होतात. कारखान्याचे दप्तर कोरेच.

तास वाढवायला जी तत्परता दिसते, ती तपासणीत का दिसत नाही? डोंबिवली एमआयडीसीत २०१६ च्या मे महिन्यात स्फोट झाला. घोषणा झाल्या. २०२४ च्या मे महिन्यात त्याच एमआयडीसीत पुन्हा स्फोट झाला, पुन्हा कारखान्यांच्या स्थलांतराच्या घोषणा झाल्या. भंडाऱ्याचा आयुध कारखाना तर थेट केंद्राचा. तिथे जानेवारी २०२५ मध्ये स्फोटात आठ जण गेले. दरवेळी मदतीचा धनादेश आणि चौकशी समिती, मग शुकशुकाट.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयातील रिक्त जागा आधी भरा. धोकादायक कारखान्यांचे तपासणी अहवाल दर वर्षी लोकांपुढे ठेवा. प्रेस, भट्टी आणि रसायनांवरच्या कामाला बारा तासांतून वगळा. तोवर तास वाढवणारी ही कायदादुरुस्ती विधिमंडळात आणू नये.