वाढीचं दुखणं

मराठी मध्यमवर्गीय माणसाला ‘वाढ’ दोनच ठिकाणी मानवते : पगारात आणि पंगतीत. एरवी साखर वाढली, प्रेशर वाढलं, क्रिएटिनिन वाढलं म्हटलं, की घरात सगळे हळू आवाजात बोलू लागतात. मी मात्र गेली तीन वर्षं अशा कंपनीत चाकरी करतो आहे, जिथे वाढ म्हटली की टाळ्या वाजतात. आणि गंमत म्हणजे ही कंपनी आरोग्याची आहे!

बावीस वर्षं मुलुंडच्या एका लॅबोरेटरीत रक्ताच्या नळ्यांच्या सहवासात काढून मी मरोळच्या या ‘स्टार्टअप’मध्ये आलो. सकाळी लोकलनं घाटकोपर, तिथून मेट्रोनं मरोळ नाका. पोचेपर्यंत माझंच प्रेशर मोजण्यासारखं झालेलं असतं. पण मोजायला वेळ कुणाला? ऑफिसात खुर्च्यांऐवजी मोठाल्या गुबगुबीत पिशव्या आहेत. बसता येतं, उठवायला दोन माणसं लागतात. साहेबांना साहेब म्हणायचं नाही, नावानं हाक मारायची. ते माझ्या धाकट्या मुलापेक्षा लहान, तरी जीभ रेटत नाही. शेवटी तडजोड झाली : ते मला ‘काका’ म्हणतात आणि मी त्यांना काहीच म्हणत नाही. ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत,’ असं ते दर सोमवारी सांगतात. असेलही. रात्री साडेअकराला काम सांगायचा हक्क आजवर फक्त आमच्या सौभाग्यवतींना होता.

माझं काम फोनवर. पेशंटला इथे ‘युजर’ म्हणतात आणि एका युजरला चार मिनिटं. परवा बोरिवलीच्या एक आजी बोलत होत्या.

“अहो, रिपोर्टात एका आकड्यापुढे चांदणी काढलीय. म्हणजे चांगलं ना? आमच्या नातवाला शाळेत मिळते तशी?”

चांदणी क्रिएटिनिनपुढे होती.

“आजी, गोळ्या कुठल्या घेता?”

“गुडघ्याची घेते की. शेजारणीनं सांगितलेली. रोज दोन.”

दुखण्यावरच्या अशा गोळ्या रोज घेतल्या तर मूत्रपिंडाला जाचतात, हे लॅबवाल्यालाही ठाऊक असतं. पाकीट घेऊन आजच्या आज डॉक्टरकडे जा, हे त्यांच्या गळी उतरवायला सतरा मिनिटं लागली. संध्याकाळी मला बोलावणं आलं. “काका, ॲव्हरेज बिघडतोय.” आठवड्यानं आजींचा पुन्हा फोन : डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या, देव तुमचं भलं करो. त्याची नोंद ‘वारंवार तक्रार’ अशी झाली.

आता कुणी म्हणेल, काकांना यंत्राचं वावडं आहे. मुळीच नाही. छातीचा एक्सरे वाचून क्षयाचा संशय सांगणाऱ्या संगणकाची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये केली. असं काम करणारी क्यूअर डॉट एआय ही कंपनी २०१६ साली आपल्या मुंबईतच निघाली. जिथे एक्सरे वाचायला डॉक्टर नाही, तिथे हे यंत्र देवासारखं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या दारात औषध येतं, यालाही मी हात जोडतो. २८ सप्टेंबर २०१८ रोजी देशभरच्या केमिस्टांनी घरपोच औषधांविरुद्ध दुकानं बंद ठेवली, तेव्हा आमच्या नाक्यावरच्या केमिस्टाची बाजू मी पुरती घेतली नव्हती. तोही काही धर्मादाय नव्हता. पण ‘आजोबांची प्रेशरची गोळी संपली असेल’ हे त्याला आपसूक आठवायचं, आणि त्याबद्दल त्याचा ॲव्हरेज कुणी काढत नसे.

माझं भांडण आहे ते वाढीलाच आरोग्य समजण्याशी. घाटकोपरच्या फार्मइझीचीच गोष्ट घ्या. २०१५ साली निघालेल्या कंपनीनं २०२१ मध्ये थायरोकेअरचे ६६ टक्के शेअर ४,५४६ कोटींना घ्यायचं ठरवलं. नोव्हेंबरात शेअरविक्रीचे कागद दाखल केले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतले. बाजाराचा ताप असाच चढतो, उतरतो. आजींचा गुडघा मात्र दोन्ही दिवशी तेवढाच दुखतो. कंपनीनं नफा जरूर कमवावा; पण ऐकून घेण्याची ती सतरा मिनिटं तोट्यात धरू नयेत. तोच तर आमचा माल आहे!

गेल्या सोमवारी भिंतीवर सरळ वर चढत जाणारा आलेख दाखवला. “काका, कसा वाटतो?”

म्हटलं, “पेशंटचा असता, तर ताबडतोब ॲडमिट केला असता.”

टाळ्या वाजल्या. त्यांना वाटलं, मी कौतुकच केलं.