नवी बॅटरी घेण्याआधी मीटर लावा

नवतपा जवळ आला की नागपुरातल्या पार्किंगमधल्या कितीतरी गाड्यांवर कव्हर चढतं आणि घरदार पुण्याला नाहीतर गावाला निघून जातं. पंधरा-वीस दिवसांनी परत येऊन किल्ली फिरवावी, तर नुसती टकटक. मेकॅनिक म्हणतो बॅटरी गेली, आपण नवी बसवतो. महिन्याभरात तीही बसते. विनंती एवढीच, की पैसे मोजण्याआधी दोष बॅटरीचा आहे की गाडीचा, हे ठरवा.

त्यासाठी साधा मल्टिमीटर आणि दहा नंबरचा पाना पुरतो. (इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडी असेल, तर नारिंगी वायरींना हातही लावू नका.) बॅटरी चार्जरवर पूर्ण भरा, निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि काही तासांनी व्होल्टेज मोजा. १२.६ च्या आसपास हवं. रात्रभर तशीच ठेवून सकाळी पुन्हा मोजा. १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. वायर सुटी असतानाही व्होल्टेज इतकं उतरत असेल, तर बॅटरीच थकली. सुटी असताना टिकते आणि जोडली की उतरते, तर गाडीतलं काहीतरी तिला पीत बसलंय. अशा गाडीत कितीही भारी बॅटरी घाला, तीही उतरणार.

आपल्याकडे थकलेल्या बॅटऱ्याही कमी नाहीत. २३ मे २०१३ ला नागपूरने ४७.९ अंश पाहिले. बॉनेटखाली त्याहून जास्त. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीतल्या रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, पाणी आटतं, आतल्या जाळ्या गंजतात. तीन वर्षं झालेली बॅटरी म्हणूनच उन्हाळ्याआधी तपासून घ्यावी.

आता गाडीच पीत असेल तर. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला आणि मीटर निगेटिव्ह टर्मिनल व काढलेली वायर यांच्या मधे जोडा. बॉनेट उघडं, दारं बंद, गाडी लॉक, किल्ली घरात. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. मग अर्धा-पाऊण तास थांबा. इथेच लोक घाई करतात. गाडीतले कंप्युटर लगेच झोपत नाहीत, त्यामुळे सुरुवातीचा आकडा मोठाच दिसतो. गाडी झोपल्यावर ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक.

ठीक असलं तरी ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी निरोगी गाडीतही पंधरवड्यात निम्मी होते. डिकीतला ५ वॅटचा दिवा चालू राहिला तर साडेतीन दिवसांत पूर्ण. तो दिवा विझतो का, हे पाहायला फोनवर व्हिडिओ सुरू करून फोन डिकीत ठेवा आणि झाकण लावा.

आकडा मोठा निघाला तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा खाली येईल, त्या लाइनवर चोर आहे. माझा पहिला संशय नेहमी मागून बसवलेल्या वस्तूंवर असतो: डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर आणि विशेषतः स्टिरिओ. स्टिरिओची पिवळी वायर कायम सप्लायवर असते, लाल किल्लीवरच्या सप्लायवर हवी. घाईत बसवणारे दोन्ही एकत्र जोडून मोकळे होतात आणि स्टिरिओ रात्रभर जागा राहतो. कुठल्याच फ्यूजने फरक पडला नाही, तर अल्टरनेटरचा डायोड तपासायला ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. तिथे आपण हात घालू नये.

बॅटरी खरंच बदलावी लागली तर जुनी दुकानदारालाच द्या, एक्स्चेंजमध्ये पैसे कमी होतात. आत शिसं आणि अ‍ॅसिड असतं, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती कचऱ्यात टाकता येत नाही.

आणि गावाला जाताना निगेटिव्ह टर्मिनल काढून जा. घड्याळ पुन्हा लावावं लागेल, तेवढंच. शेजाऱ्याला किल्ली देऊन ‘रोज पाच मिनिटं चालू करत जा’ असं मात्र सांगू नका. सेल्फने खाल्लेलं तेवढ्यात भरून निघेलच असं नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास रिंग रोडला फिरवून आणायला सांगा, पेट्रोलचे पैसे देऊन.