ठाकूर तोच आहे



गेल्या महिन्यात आमच्या कोल्हापूरच्या बैठकीत चर्चेऐवजी चक्क सिनेमा लावला. राजकुमार कोहलींचा १९७९ चा 'जानी दुश्मन'. सुनील दत्त, संजीवकुमार, जितेंद्र, शत्रुघ्न सिन्हा, रेखा, रीना रॉय, नीतू सिंग. एवढे तारे एका पडद्यावर! तेव्हा मी सातवीत होते. टॉकीजमध्ये आईच्या पदराआडून पाहिला होता. लाल शालूतली नवरी डोलीतून निघते आणि केसाळ राक्षस तिला उचलून नेतो. कितीतरी दिवस आम्ही मुली संध्याकाळी लाल फ्रॉक घालत नव्हतो.

या वेळी निराशाच झाली. इतक्या नामवंत नट्या, पण त्यांच्या वाट्याला गाणी आणि किंकाळ्या. मारामारी सगळी पुरुषांची.

एका जागी मात्र मी सावरून बसले. राक्षस निघतो तो गावचा ठाकूर, संजीवकुमार. सगळ्यांचा आदराचा माणूस. आपल्या केंद्रात येणाऱ्या बायका याहून वेगळे काय सांगतात? "बाहेर विचारा, देवमाणूस म्हणतील." पण इथवर येऊन सिनेमाच घाबरतो. ठाकूर म्हणे निर्दोष, त्याच्या अंगात दुसऱ्या एका मेलेल्या ठाकुराचा आत्मा! आणि तो आत्मा तरी का पिसाळला? तर पहिल्या रात्री त्याच्या नवरीने त्याला विष पाजले म्हणून. म्हणजे फिरून दोष नवरीचाच.

त्याच १९७९ साली दिल्लीत बायका हुंडाबळींविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. मथुरा खटल्याच्या निकालावर कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले तेही त्याच वर्षी. आणि आमच्या गल्लीत नवी सून 'स्टो भडकून' गेली. स्टो नेहमी सुनेच्याच हातात कसा भडकतो, हे कुणी विचारले नाही. आम्ही राक्षसाबद्दलच बोलत राहिलो.

खरे तर आपल्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ मध्येच स्त्रियांच्या छळाविरुद्ध कायदा केला होता. देशाला ४९८ अ साठी १९८३ उजाडले. त्यात नवरा आणि नवऱ्याचे नातेवाईक असे स्पष्ट लिहिले. भूतबाधेची सोय ठेवली नाही. २०२४ पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेत आहे.

सिनेमा संपल्यावर एका तरुण कार्यकर्तीने विचारले, "लाल रंगाने धोका आहे हे गावाला माहीत होते, तर नवऱ्या साडी का बदलत नव्हत्या?" पोटगीच्या दाव्यासाठी आलेली एक बाई मागे बसली होती. ती म्हणाली, "लुगडं बदलून काय हुतंय ताई? ठाकूर त्योच हाय न्हवं."

असल्या सिनेमावर संध्याकाळ घालवावी का, यावर आमच्यात अजून वाद चालू आहे. तुम्हीही कळवा. त्या बाईची तारीख पुढच्या महिन्यात आहे. मागच्या वेळी ती कोर्टात एकटीच उभी होती. जमेल त्यांनी या.