चोथा आधी मुरू द्या

आमची शाळा कर्नाटकात आहे. देशातली साधारण ७० टक्के कॉफी याच राज्यात पिकते, त्यामुळे पीटीनंतर मेसमध्ये चहा नाही, फिल्टर कॉफी मिळते. साताऱ्याहून आलेल्या मला तिची सवय व्हायला एक टर्म लागली. आपण कॉफी पितो, पण रोज उरणारा बादलीभर चोथा कचऱ्याच्या गाडीत जातो. तो आपल्याच बागेत गेला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. मात्र कसा, हे मी चूक करून शिकलो.

जुलैत हाऊसच्या बाग स्पर्धेसाठी आम्ही झेंडू लावला. ‘चोथा म्हणजे फुकटचे खत’ असे ऐकून मी वाफ्यात ताज्या चोथ्याचा दोन बोटे जाड थर दिला. माळीकाका म्हणाले, “आधी कुजव.” मला तपासणीची घाई होती, मी ऐकले नाही. थर वाळून त्याचा पापुद्रा झाला, पाणी वरूनच वाहून जाऊ लागले. रोपे पिवळी पडली आणि माझ्यामुळे हाऊसचे गुण गेले.

कारण नंतर सरांनी समजावले. चोथ्यात सुमारे दोन टक्के नत्र असते, पण ते झाडाला लगेच मिळत नाही. उलट चोथा कुजवणारे जिवाणू काही काळ मातीतलेच नत्र वापरतात. उरलेले कॅफिन कोवळ्या रोपांची वाढ रोखते.

म्हणून माझी सूचना अशी : प्रत्येक हाऊसने एक खड्डा करावा. एक भाग चोथा, चार भाग पालापाचोळा आणि भाजीची देठे घालावीत. ओल टिकवावी, दर रविवारी वरखाली करावे. काही महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार होते.

काही मित्र म्हणतात, “आपण इथे अधिकारी व्हायला आलोय, कचरा चिवडायला नाही.” मला हे पटत नाही. आपला कचरा दुसऱ्याने उचलावा, असे वाटणाऱ्याने उद्या जवानांना कोणत्या तोंडाने काम सांगायचे?

स्पर्धेतले काही गुण या खड्ड्यालाही द्यावेत. कुंड्या आदल्या रात्री रंगवता येतात, खत एका रात्रीत होत नाही.

आमचा खड्डा आम्ही भरला आहे. या वेळी माळीकाकांना विचारून.